सारकॅझम आणि बारा घोडे

१२ जानेवारी, रविवार

नवीन वर्षाची डायरी अकरा दिवस कोरी राहिली. दोष माझा नाही, पेन सापडत नव्हतं. आज सापडलं, आणि नेमकं आजच लिहिण्यासारखं घडलं.

दुपारी जेवताना काजलच्या लग्नाची पत्रिका पाहिली. लग्न २३ फेब्रुवारीला, आमच्या गावी कोरीटला. पत्रिका छापली व्याह्यांनी, म्हणजे सारंगखेड्याच्या रूपचंदजींनी. आकार वर्तमानपत्राएवढा, त्यावर सात घोडे. रूपचंदजी घोडे पाळतात, विकतात, घोड्यांबद्दलच बोलतात. मी म्हणालो, "खरंच, जरा लहानच झाली. अजून थोडी मोठी असती तर मांडवावर ताडपत्री लागली नसती."

हिने भाकरी वाढता वाढता विचारलं, "मंग सांगू का त्यासले, मोठी छापा म्हणीसन?"

काजल म्हणाली, "पप्पा, तुमना सारकॅझम कोनलेच समजत नही."

मुलगी एम.एस्सी. आहे. उगाच कौतुक करणारी नाही. कोणालाच समजत नाही, म्हणजे केवढ्या उंचीवरचा असेल! पन्नास वर्षं मी जे सहज करत आलो त्याला इंग्रजीत नाव आहे हे मला आज कळलं.

१३ जानेवारी

शाळेच्या ग्रंथालयातल्या जाड डिक्शनरीत शब्द पाहिला. अर्थ : उपरोध, कुत्सित बोलणे, टोमणा. पहिले दोन मान्य. तिसऱ्यावर पेन्सिलीने फुली मारली. टोमणा आमची आई मारते. टोमण्याला शिक्षण लागत नाही. सारकॅझम हे पदवीधर माणसाचं काम आहे. मी बी.एस्सी. आहे, एक विषय राहिलेला सोडला तर.

प्रयोगशाळा सहायकाची नोकरी अठ्ठावीस वर्षं केली. कुठलाही विषय पद्धतशीर घ्यायची सवय आहे. वापराचे नियम ठरवले :

जे म्हणायचंय त्याच्या उलट बोलायचं. चेहरा सरळ ठेवायचा. वाक्याची सुरुवात शक्यतो 'खरंच'ने करायची, म्हणजे जोर येतो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळं गाव गोड बोलायचा संकल्प करतं, म्हणून मी उलटा केला. रोज किमान तीन सारकॅझम. टार्गेट : लग्नाच्या दिवशी मांडवात माइक हातात घेऊन व्याह्यांचं संपूर्ण सारकॅस्टिक स्वागत. पंधरा मिनिटं. लोक पोट धरून हसतील आणि रूपचंदजींनाही कळेल की मुलगी कुठल्या घरातून आणली.

हे खरं कारण आहे, इथे लिहायला हरकत नाही. साखरपुड्यात त्यांनी मला सगळ्यांसमोर "लॅबवाले" म्हटलं होतं.

१७ जानेवारी

वांग्याच्या भाजीत मीठ जास्त. मी म्हणालो, "खरंच, मीठ जरा कमी पडलं. अजून एक मूठ चाललं असतं." ही म्हणाली, "बरं."

१८ जानेवारी

भाजी तोंडात धरवत नव्हती. हिला विचारलं तर म्हणाली, "तुमीच ते सांगं व्हतं." आणि तोंडावर पदर घेऊन आत गेली. खोकला असावा.

निरीक्षण : भाजी खारट. अनुमान : श्रोता कच्चा असेल तर प्रयोग फसतो. वक्त्याचा दोष नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. मुख्याध्यापक पन्नास मिनिटं बोलले. मुलं उन्हात, दोन खाली बसली, एक आडवा झाला. चहाच्या वेळी मी सरांना म्हणालो, "खरंच सर, फार लवकर आटोपलंत. अजून तासभर ऐकलं असतं." सरांनी माझा खांदा थोपटला. स्टाफमधल्या कोणाला काही कळलं नाही. इतकं सफाईदार जमलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस सोन्याचा.

सकाळी रूपचंदजींचा फोन. नवरदेव भाड्याच्या घोडीवर येणार नाही, घरच्या घोड्यावर येईल, तर कोरीटला घोडा बांधायला जागा आहे ना, अशी चौकशी. साधी बाब होती. पण माणूस घोड्याची आई, घोड्याची आजी, घोड्याची चाल सांगत बसला. वीस मिनिटं. मी योग्य क्षणाची वाट पाहिली आणि टाकला :

"खरंच, एकच घोडा कशाला? सारंगखेड्याचा अख्खा घोडेबाजार घेऊन या ना! दाणा-चाऱ्याची काळजीच करू नका, आम्ही बसलोच आहोत."

पलीकडे शांतता. मोजली, पाच सेकंद. मग ते म्हणाले, "बरं, याही," म्हणजे आपलं व्याही, आणि फोन ठेवला. पार गार केलं. 'लॅबवाले'चं उट्टं निघालं.

शेजारी ही तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "धन्य शे तुमनी." हिच्या तोंडून कौतुक क्वचितच निघतं, म्हणून नोंद करून ठेवतो.

३ फेब्रुवारी

काजलला कालचं कळलं. रागावली. तिच्या मते सासरच्यांशी असं बोलायचं नसतं. तिला समजावलं की सारकॅझम हा समोरच्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवून केला जातो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिन एक तरी वाक्य सिधं बोला, पप्पा. मन्हासाठे."

मी म्हणालो, "खरंच, एकच कशाला, दहा बोलतो."

ती उठून गेली. वचन दिलंय असं मी धरतो. शेवटी तिला सरळ काही सांगायचं आहेच. काय ते लग्नाच्या जवळपास सुचेल. घाईचं काम नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सत्तारभाईकडे सूटची ट्रायल. सत्तार आणि मी नंदुरबारला चौथीपासून एका बाकावर. त्याच्याएवढा चांगला शिंपी मिळायचा नाही, पण कोट काखेत आवळत होता. मी आरशात बघत म्हणालो, "खरंच, अजून थोडा घट्ट कर. श्वास उगाच जास्त येतोय."

सत्तारने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि कोट उतरवून घेतला. म्हणाला, "कपडा तुम्हारा, बदन तुम्हारा, राजूभाऊ. मैं बीच में कौन?"

कारागिराचा हा नम्रपणा मला आवडतो.

रात्रीचं जेवण कमी करण्याचा संकल्प. सोमवारपासून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कोरीटला गेलो, मांडवाची जागा पाहिली. घरात आईने गल्लीतल्या बायका जमवल्या होत्या. गाण्यांची तालीम. आमच्याकडे लग्नात मुलीकडच्या बायका व्याह्याला नावं ठेवणारी गाणी म्हणतात. व्याही खादाड, व्याही चोर, व्याह्याच्या मिशीला उंदीर लागले, असलं. व्याही समोर बसून ऐकतो आणि वर लुगडं देतो. ज्याच्यावर गाणं झालं नाही तो चार वर्षं कुरकुरतो की आपल्याला कोणी माणसात धरलं नाही.

मी आईला म्हणालो, हे आता जुनं झालं. या वेळी मी माइकवर सारकॅझम करणार आहे. तिने विचारलं ते काय असतं. मी अर्धा तास उदाहरणांसह समजावलं. मीठ, मुख्याध्यापक, घोडेबाजार, सूट, सगळं सांगितलं. आईचं वय एक्क्याऐंशी, दात चार, पण ऐकताना सुपारी कातरणं थांबवलं होतं. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. विषय एवढा रंगला.

शेवटी आई म्हणाली, "एवढं शिकीसन तू टोमणा माराले शिकना का, राजू?"

तिला फरक समजावून सांगायला वेळ नव्हता. माझी बस होती.

निघताना मागे हसण्याचा आवाज आला. घोडेबाजाराचा किस्सा आत्ता कळला असणार. खेड्यात जरा उशिरा पोहोचतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शाळेत शिवजयंती. मुख्याध्यापकांनी सुरुवातीलाच जाहीर केलं की आजचं भाषण आपले राजेंद्र पाटील यांच्या खास आग्रहास्तव तासभर वाढवलं आहे. मला पहिल्या रांगेत, पंख्यापासून लांब बसवलं. एक तास पन्नास मिनिटं. मागून स्टाफमधलं कोणीतरी माझ्या खुर्चीला लाथ मारत होतं.

सरांना सारकॅझम कळत नाही हे सिद्ध झालं. फक्त उतरताना माझ्याकडे बघून हसले का, हे समजलं नाही.

२० फेब्रुवारी

कोरीटहून चुलतभावाचा फोन. सारंगखेड्याहून भिकन नावाचा माणूस आला होता, रूपचंदजींचे घोडे सांभाळणारा. मांडवामागच्या खळ्यात खुंट्या ठोकून गेला. बारा खुंट्या. पाण्याचं टाकंही बघून गेला.

आधी बारा घोड्यांच्या कडब्याचा हिशोब मांडला. मग लक्षात आलं, व्याही उलट गंमत करताहेत. मी घाबरून फोन करावा अशी अपेक्षा असणार. करणार नाही. जो आधी हसला तो हरला.

चुलतभाऊ विचारत होता कडबा आणून ठेवू का. मी म्हणालो, "खरंच, दोन ट्रक आण." तो म्हणाला, राजूदादा, सारकॅझम करी ऱ्हायनात ना? मला समाधान वाटलं. निदान एकाला तरी कळायला लागलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. कोरीट.

हळद झाली. काजल पिवळी होऊन ओट्यावर बसली होती, हातात शेंगदाण्याचा लाडू. लहानपणीही असंच बसायची, लाडू संपेपर्यंत कोणाशी बोलायची नाही. मी शेजारी बसलो. मला काहीतरी सांगायचं होतं. ती माझ्याकडे बघत थांबली.

मी म्हणालो, "खरंच, बरं झालं. एक खोली रिकामी होईल. मला डायरी लिहायला टेबल टाकता येईल."

ती लाडू तसाच ठेवून आत गेली.

वाक्य बरोबर होतं, वेळ चुकली. उद्या पाठवणीच्या वेळी सरळ बोलेन. ठरलं म्हणजे ठरलं. भाषण मात्र रद्द नाही. तीन पानं लिहून तयार.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.१०

सूट घातला. सत्तारने माझं शब्दशः ऐकलं आहे. बटणं लागतात, पण मग खाली बसता येत नाही. हरकत नाही, आज बसायचंच नाही. तीन पानं आतल्या खिशात. माइकवाल्याला सांगून ठेवलं.

१०.४०

घोडे आले.

११.०५. कोठीघरातून लिहितोय, दोन मिनिटं मिळाली.

बारा. मोजले. एकावर नवरदेव भाग्येश, बाकी अकरा मागून, सगळ्यांना झूल, घुंगरं, पायांत तोडे. पुढे रूपचंदजी, फेटा बांधून. मांडवाच्या दारात मी आरतीच्या ताटामागे उभा. मला वाटलं आता ते हसतील आणि घोडे परत पाठवतील. त्यांनी हात जोडले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "याहीनी मांगं, ते नही कसं म्हणानं?"

आमच्याकडे व्याह्याने तोंडाने मागितलेलं नाकारत नाहीत. हा नियम मला माहीत होता. तो माझ्यावर लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

चुलतभावाने कडबा आणलाच नाही. म्हणतो, तुमीच ते सारकॅझम करी ऱ्हायन्थात.

१२.५०

गल्लीत घरोघर फिरून कडबा मागितला. पेंढ्या खांद्यावर. तिसऱ्या पेंढीला कोट पाठीत उसवला, कॉलरपासून खालपर्यंत. आता श्वास घेता येतो. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा मी खळ्यात एका पांढऱ्या घोड्याला पाणी पाजत होतो. लाउडस्पीकरवर ऐकलं. शेवटच्या 'सावधान'ला पळत आलो. काजल मला शोधत होती असं ही म्हणाली. डोक्यावर कडब्याची पानं होती, ती हिनेच काढली.

स्वागताचं भाषण राहिलं. तीन पानं एका घोड्याने खाल्ली. बहुतेक तपकिरी.

२.३०

पंगती बसल्या. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, मीठ बेताचं. व्याह्यांच्या पंगतीसमोर आईने बायकांसह बैठक मारली आणि गाणी सुरू केली. रूपचंदजींच्या मिशीपासून सुरुवात. चांगलंच धुतलं. ते मान डोलावत बट्टी कुस्करत होते. मी वाढपी होतो, फाटक्या कोटात, हातात तुपाचं भांडं. मलाही हसू आलं. मग आईने माझ्याकडे बघितलं. चाल तीच, शब्द नवे :

*याहीना घोडा बारा वं, बारा,*
*कोन टाकी त्यासले चारा वं, चारा,*
*मन्हा राजूना तोंडले वं, तोंडले,*
*लगाम मांगा याहीले वं, याहीले!*

मुलीकडच्या बायका स्वतःच्याच माणसावर गाणं म्हणत नाहीत. आजवर कधी ऐकलं नाही. सगळा मांडव हसला. वाढपी हसले, आचारी बाहेर येऊन हसले. सत्तार तर खुर्चीवरून खाली आला. एक कडवं मिठावर होतं, एक मुख्याध्यापकांवर. ते पाहुणे म्हणून आलेच होते, त्यांनी टाळी दिली.

मी चेहरा सरळ ठेवला. नियम आहे.

आणि रूपचंदजी पंगतीतून उठले, खळ्यात गेले, पांढऱ्या घोड्याचा लगाम घेऊन आले आणि आहेर करावा तसा दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "मी घोडाना दात देखीसन वय सांगस, याही. माणूसनं बोलणं माले समजत नही का?"

तुपाचं भांडं डाव्या हातात घेतलं. उजव्या हाताने लगाम घेतला.

तेवढ्यात काजल दिसली. गेले दोन दिवस तिचे डोळे सुजलेले होते. ती पोट धरून हसत होती. इतकं हसताना मी तिला किती वर्षांनी पाहिलं. माझ्यावर हसत होती, मान्य. तरी पाहत राहिलो. तूप सांडलं.

६.३०

पाठवणी झाली.

घोडे गेले, मग गाड्या. काजल आधी आजीच्या गळ्यात पडली, मग हिच्या. मग माझ्यासमोर आली. मी ठरवलं होतं ते बोललो. एक शब्द उलटा नव्हता. म्हणालो, "काजल, तू गेलीस की घरात मला करमणार नाही. मी कसा राहू?"

आवाज फाटला. तसा तो फाटणार हे माहीत नव्हतं.

तिने माझ्याकडे बघितलं. ओले डोळे पुसले आणि हसली. म्हणाली, "आज तरी सिधं बोला ना, पप्पा!"

भाग्येशही हसला. मग ती गाडीत बसली. तोपर्यंत मी 'खरंच' म्हणालो होतो. त्यावर ती अजूनच हसली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. नंदुरबार.

दोन दिवस झाले. काजलच्या खोलीत टेबल टाकायला गेलो होतो, टाकलं नाही. तिच्या खुंटीवर एक ओढणी राहिली आहे, ती तशीच राहू दिली. लगाम दुसऱ्या खुंटीवर टांगला. चामडं चांगलं आहे.

तिला मेसेज लिहिला. पाच वेळा लिहिला, चार वेळा पुसला. शेवटी एवढाच पाठवला : 'घर रिकामं वाटतं. तुझी आठवण येते.'

दोन मिनिटांत उत्तर. हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारे तीन पिवळे चेहरे, आणि खाली : 'पप्पा, तुमी कधी सुधराव नहीत.'

'नाही गं, खरंच' असं लिहायला घेतलं. मग डायरी मागे चाळून पाहिली. दीड महिन्यात जिथे जिथे खोटं बोललो तिथे पहिला शब्द तोच आहे. दुसरा शब्द शोधला, पण डिक्शनरी शाळेत राहिलेली. मेसेज पुसला. अंगठा पाठवला.

संध्याकाळी आईचा फोन. विचारत होती कसा आहेस, जेवलास का. मी म्हणालो, मस्त आहे, अगदी मजेत. ती म्हणाली, "रडी ले, भाऊ. त्याले काय शिक्षण लागस?" आईला एकटीलाच समजलं. टोमण्याचा अनुभव असावा.

संकल्प : सारकॅझम बंद. उद्यापासून सरळ बोलणं. रोज किमान तीन.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी हिने चहा दिला. आलं घातलेला, गोडी बरोबर, जसा मला लागतो तसा. पहिला घोट घेतला आणि सरळ चेहऱ्याने, सरळ मनाने म्हणालो, चहा छान झालाय.

ही आत गेली आणि साखरेचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला.